कोमट पाणी

माझ्या आत्याला रागवता येत नाही. प्रयत्न करते बिचारी, पण मध्येच समोरच्याचा उतरलेला चेहरा दिसतो आणि ती त्याला चहा विचारते. अशा बाईने मालकाला कामगार न्यायालयात खेचावं, यावर आमच्या घरात कोणाचा विश्वास बसेना.

बाइंडिंगच्या दुकानात ती पानांच्या घड्या घालायची, वह्या शिवायची, पुठ्ठ्यांना खळ लावायची. केस पिकले ते तिथेच. दुकानात सगळे तिला आत्याच म्हणत, मालकसुद्धा. "आत्या, तुम्ही घरच्याच," असं म्हणत म्हणत त्या भामट्याने पाच महिने पगार दिला नाही आणि मग एक दिवस, उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

नेमके तेव्हाच आत्याचे वरचे दात काढले होते. कवळीचं माप देऊन झालं होतं, पैसे मात्र त्याच पगारातून द्यायचे होते. तोवर चहात बुडवलेला पाव.

"माझा त्याच्यावर राग नाही गं," ती मला म्हणाली, "पण मला चावायचंय."

दुकानात हजेरी लिहीत नसत, पगार रोख. आमच्या वकीलबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, पुरावा नाही, अवघड आहे. झालंही तसंच. न्यायालयात मालक उभा राहिला आणि बिनदिक्कत म्हणाला, "ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच. जवळपास राहते, कधीतरी येऊन बसायची." आत्या मान खाली घालून ऐकत होती. मला त्याचा गळा धरावासा वाटला.

तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली. कागदाच्या धुळीने हा खोकला त्याला कायमचा जडलेला. मान वाकडी करून, डोळे मिटून त्याने हात मागे केला.

"आत्या, पाणी! कोमट!"

आणि आमची आत्या उठली. दुखऱ्या हिरड्यांसाठी आणलेला कोमट पाण्याचा थर्मास पिशवीतून काढला, झाकणात पाणी ओतलं आणि त्याच्या हातात दिलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "नुसतं बसायला येणाऱ्या बाईकडे तुम्ही असं पाणी मागता?"

मालकाने डोळे उघडले. तोंडात पाणी असूनही त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "सवय हो," तो बोलून गेला.

"आणि तुम्ही का दिलंत, बाई?"

"खोकत होता ना," आत्या बोळक्या तोंडाने म्हणाली. "त्याची मान अशी वाकडी झाली की शिलाई टाकून उठायचं. नाहीतर कोऱ्या कागदांवर थुंकी उडते."

"रोज?"

"सुट्टी सोडून."

वकीलबाईंना मग फारसं बोलावंच लागलं नाही. पुढच्या तारखेला त्याने सगळं कबूल केलं आणि पगार हातात आला.

कवळी आली त्या संध्याकाळी आत्याने हौसेने भाजलेले दाणे खाल्ले आणि तिला ठसका लागला. मी पाणी कोमट करून कप तिच्या हातात दिला. तशी ती लगबगीने उठून उभी राहिली.

"कोणाला द्यायचंय गं?"

"तुला, आत्या."

ती परत खाली बसली. कितीतरी वेळ तो कप दोन्ही हातांत नुसता धरून होती.