न पाहिलेल्या गाडीचा मालक

टायरमधून काढलेला खिळा तो कधी फेकत नसे. ट्यूबला पॅच लागला, चाक बसले, हवा भरून झाली, की तो खिळा चिंधीने पुसून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवी, स्वतःच्या काळ्या बोटांनी त्याची मूठ मिटवी आणि म्हणे, "हे घ्या. तुमचं हाय."

एखादा वैतागून म्हणे, "मले काय कराचा हाय खिळा? फेक ना तिकडं."

"मी फेकला तं दुसऱ्याच्या चाकात जाईन. तुमच्या चाकातला हाय, तुमी सांभाळा."

आपल्यापैकी जे कोणी नागपूरहून अमरावतीला रस्त्याने गेले असतील, त्यांनी कारंजा (घाडगे) येथील वळणावर त्याला पाहिले असण्याचा संभव आहे. संत्र्याचे ट्रक जेथे गती कमी करतात, त्या ठिकाणी एक टपरी, हवेची टाकी, पाण्याने भरलेले घमेले आणि त्यावर वाकलेला एक किडकिडीत मनुष्य. त्याचे नाव येथे लिहीत नाही. त्याच्या नावाचा एकदा गैरवापर झालेला आहे, तो पुरे.

माझ्याविषयी दोन शब्द सांगणे क्रमप्राप्त आहे. मी अर्जनवीस. तहसील कचेरीच्या फाटकाजवळ गेली सत्तावीस वर्षे माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु मी लिहिलेला अर्ज भाषेच्या कारणास्तव परत आला, असे आजवर घडलेले नाही. एका नायब तहसीलदारांनी माझ्या अर्जाचा नमुना आपल्या कारकुनाला दाखवल्याचे मला खात्रीपूर्वक ठाऊक आहे. लोक मला वकीलसाहेब म्हणतात आणि मी दुरुस्ती करीत नाही. तो एकटाच मला 'भाऊ' म्हणे. सुरुवातीला ते मला रुचत नसे.

माझ्या जुन्या स्कूटरमुळे आमची ओळख झाली. त्याची कामाची पद्धत मला प्रथम आडमुठेपणाची वाटली. ट्यूब घमेल्यात बुडवून तो हळूहळू फिरवी. बुडबुडे दिसले की थांबे, आणि गिऱ्हाइकाला बोलावी. गिऱ्हाईक स्वतः वाकून पाहत नाही, तोवर तो पॅच लावीत नसे.

पांढऱ्या कपड्यांतले एक पुढारी एकदा सभेला उशीर होत असल्याने संतापले.

"अरे बाप्पा, लाव ना पॅच! टाईम नाई मले."

"लावतो ना. पहिले भोक पाहून घ्या."

"तू पाहिलं ना? झालं मंग."

"मी पाहिलं. ट्यूब तुमची हाय."

ते पुढारी धोतराचा सोगा आवरून घमेल्यावर वाकले, तेव्हा आजूबाजूच्या सर्वांना जो आनंद झाला, तो मी येथे वर्णन करीत नाही.

असा हा मनुष्य एके दिवशी दुपारी माझ्या टेबलापाशी आला. हात साबणाने धुतलेले होते, तरी काळेच होते. कागदाला डाग लागू नये म्हणून त्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता. बाकावर न बसता तो उभाच राहिला.

"भाऊ, मी गाडी घेतली म्हणते."

"अभिनंदन," मी थट्टेने म्हणालो.

"मी नाई म्हणत. हे लोकं म्हणते."

ती वसुलीची नोटीस होती. त्याच्या नावे, त्याच्या पत्त्यावर, कर्जाऊ घेतलेल्या एका मोटारसायकलचे हप्ते थकलेले होते. गाडीचा नंबरही होता. त्याच्याकडे आयुष्यात सायकलीखेरीज वाहन नव्हते. कर्ज देणारी कंपनी कोणत्या शहरात आहे, हेही त्याने त्या कागदावरच प्रथम वाचले.

त्याआधी दोन वसुलीवाले टपरीवर येऊन गेले होते. तो प्रसंग मी स्वतः पाहिला, कारण माझ्या स्कूटरचे मागचे चाक त्याच्या मांडीवर होते.

"हप्ते कधी भरता?" त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला.

"कायचे हप्ते?"

"गाडीचे."

"ट्यूबलेस हाय का ट्यूबवाली?"

"काय?"

"गाडी. टायर कोणते हाय तिले?"

"ते आम्हाला काय माहीत?"

"मंग मले कसं माहीत राहीन? मी तं पाहिली बी नाई."

जमलेले लोक हसले. चष्मेवाल्याने आवाज चढवला. "सही आहे तुमची. गिऱ्हाइकांसमोर बोलायला लावू नका. लोकांचे पैसे बुडवून असं टपरीवर बसता, शोभतं का?"

हसणे थांबले. एक मनुष्य आपली गाडी ढकलत पुढच्या दुकानाकडे निघाला. आमच्या पंक्चरवाल्याने त्या पाठमोऱ्या मनुष्याकडे पाहिले, मग वसुलीवाल्यांच्या गाडीकडे. म्हणाला, "मांगच्या चाकात हवा कमी हाय तुमच्या. थांबा." हवा भरून दिली आणि पैसे घेतले नाहीत.

येथपर्यंत हे सारे हसण्यावारी नेता आले असते. परंतु त्याच्या मुलीला वर्ध्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला होता. फीसाठी शैक्षणिक कर्ज मागितले, तेव्हा बँकेतून उत्तर आले की वडिलांच्या नावे थकबाकी दिसते, ती आधी मिटवा. फीची मुदत महिनाअखेरपर्यंत होती. हातात एकोणीस दिवस होते.

"पोरीनं ड्रेसचं माप देऊन टाकलं, भाऊ," तो म्हणाला. एवढेच म्हणाला.

मी बाह्या सरसावल्या. दोन पाने अर्ज लिहिला. 'अर्जदार हा प्रामाणिक, कष्टाळू व कायद्याचा आदर करणारा नागरिक असून' येथून आरंभ केला, आणि त्याला तो संपूर्ण वाचून दाखवला. त्याने मान खाली घालून ऐकले.

"लय चांगलं लिहिलं. पण यात भोक कुठं हाय?"

"म्हणजे?"

"मी चांगला हाय का नाई, हे त्यायनं कुठं इचारलं? इतकंच लिहा, कोणत्या कागदावर गाडी देल्ली तो कागद दाखवा."

मला राग आला, हे कबूल करतो. तरीही ते वाक्य मी अखेरीस घातले. कर्जाच्या संपूर्ण कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. रजिस्टर पोस्टाने अर्ज गेला, पोलीस ठाण्यातही एक प्रत दिली. पुढे उत्तर आले ते केवळ त्या अखेरच्या वाक्याला.

दरम्यानच्या दिवसांत त्याचे कामात लक्ष नव्हते. नोटिशीतला नंबर त्याला पाठ झाला होता. रस्त्याने मोटारसायकल गेली की तो ट्यूब हातात तशीच धरून उभा राही. घमेल्यातले पाणी पायावर सांडे.

"कधी ना कधी पंक्चर होईनच ना ती," तो मला म्हणाला. "मंग येईन माह्यापाशीच. कुठं जाईन?"

कंपनीचे पाकीट आले ते बाराव्या दिवशी. त्याने ते न फोडता माझ्याकडे आणले.

कर्जाच्या अर्जावर एका भरघोस मिशीवाल्याचा फोटो होता. त्याने तो निरखला. "हा तं माह्याहून देखणा हाय." सही गोलसर, वळणदार होती; याची सही म्हणजे तीन अक्षरे एकमेकांना रेटत उभी. फोन नंबर परका. मी समाधानाने मान हलवीत गेलो. तिसरे पान काढले. ती त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती.

उजव्या कोपऱ्यात एक वर्तुळ होते. वर्तुळात आकडा होता, आणि त्याखाली तिरकस अक्षरांत लिहिले होते, 'टपरी परवाना'.

ते अक्षर माझे होते.

वाचकहो, येथे मला माझी एक पद्धत सांगितली पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या कागदपत्रांची एक जादा प्रत मी ठेवून घेत असे. पुढे लागली तर असावी. कोपऱ्यात लाल शाईने क्रमांक घालून, काम लिहून, प्रत पत्र्याच्या पेटीत जाई. इतके व्यवस्थित दप्तर तालुक्यात दुसऱ्या अर्जनविसाचे नव्हते आणि मी ते लोकांना उघडून दाखवीत असे. पेटी भरली की दिवाळीच्या आधी ते सारे मी रद्दीवाल्याला किलोवर देत असे. रद्दीवाला ते पुढे कोठे देतो, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.

कंपनीने पाठवलेल्या प्रतीत लाल शाई काळी उमटली होती. बाकी सर्व तसेच होते.

तो कागद त्याने ट्यूब फिरवावी तसा चारही बाजूंनी हळूहळू फिरवला. बोट कोपऱ्यावर येऊन थांबले. टपरीचा परवाना काढताना तो क्रमांक मी त्याच्यासमोरच घातला होता.

"भाऊ, हे कोनाचं अक्षर हाय?"

मी टेबलावरची शाईची बाटली उजवीकडून डावीकडे ठेवली.

त्याने वाट पाहिली. मग कागदाची घडी घातली, ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटे मिटवली. नेहमीचे वाक्य तो बोलला नाही. पाकीट टेबलावर तसेच ठेवून तो वळणाकडे चालू लागला.

पुढले दोन दिवस मी टेबलावर स्थिर बसू शकलो नाही. फोटो निराळा, सही निराळी, एवढ्यावरही अर्ज लिहिता येत होता. परंतु त्याची चौकशी महिनाभरात होणार नाही, हे मला पक्के ठाऊक होते. ती प्रत त्याने कर्जासाठी दिलेलीच नव्हती, टपरीच्या परवान्यासाठी दिली होती आणि ती माझ्या हातून बाहेर गेली, हे मी लिहून दिले तर कंपनीचा दावा एका कागदात कोसळत होता. 'मी खाली सही करणार' हे शब्द इतरांच्या वतीने मी रोज लिहीत आलो. स्वतःच्या नावाने लिहिताना तीन कागद फाडले. चहा मागवून न पिता ठेवला. गिऱ्हाइके आली त्यांना उद्या या म्हणालो. उद्या आले त्यांनाही तेच सांगितले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सात ओळींचे प्रतिज्ञापत्र लिहून मी टपरीवर गेलो आणि त्याला वाचून दाखवले. आमच्या संपूर्ण परिचयात मी लिहिलेला हा सर्वांत लहान कागद होता.

"तुमच्यावर काई आलं तं?" त्याने विचारले.

"येऊ द्या. माह्याच पेटीतून गेलं ते."

माझ्या तोंडची घरची बोली त्याने बहुधा प्रथमच ऐकली. तो हसला नाही. चिंधीला हात पुसत म्हणाला, "मंग नाव नीट लिहा. तुमचं हाय."

ठाणेदारांनी मला बाकावर दोन तास बसवले आणि नंतर सर्वांसमक्ष जे बोलायचे ते बोलले. 'वकीलसाहेब' या शब्दाचा त्यांनी केलेला उच्चार मी विसरलेलो नाही. परंतु जबाब नोंदला गेला, त्याची प्रत कंपनीला आणि बँकेला गेली. मागणी मागे घेतल्याचे पत्र मुदतीच्या आदल्या दिवशी आले, आणि बँकेने अडवून ठेवलेले कर्ज त्याच दुपारी मोकळे केले. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने बापलेक वर्ध्याला गेले आणि संध्याकाळी परतले, तेव्हा मुलीचा प्रवेश झालेला होता.

तो बसमधून उतरला तो सरळ माझ्याकडे आला. मला वाटले, आभार मानेल.

"भाऊ, अन् गाडीचं काय?"

"काय?"

"गाडी तं हाय ना माह्या नावानं कुठंतरी. चालवून राह्यला ना कोनी."

गाडी सापडली नाही. रद्दीवाल्याने हात वर केले, मिशीवाला कोण ते कळले नाही. चार-सहा महिने माझ्याकडे गिऱ्हाईक कमी आले, मग येऊ लागले. आता पत्र्याच्या पेटीत मी जेवणाचा डबा ठेवतो. काम झाले की जादा प्रत ज्याची त्याच्या हातावर ठेवतो. काही लोक हसतात. तो मात्र मोटारसायकल गेली की पूर्वीसारखाच उठत राहिला. माझी स्कूटर नेली की खिळा माझ्या हातावर ठेवून "हे घ्या. तुमचं हाय" असे पूर्वीसारखेच म्हणे. त्या वाक्यात माझ्यासाठी काही वेगळे आहे का, हे मी प्रत्येक वेळी ऐकण्याचा प्रयत्न केला. नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. चाक मांडीवर घेऊन बसलेला होता. छातीत कळ आली, एवढेच निमित्त झाले. मुलगी तोवर शिकून नोकरीला लागली होती.

पंधरा दिवसांनी ती माझ्या टेबलापाशी आली. टपरीच्या वीजमीटरवरचे वडिलांचे नाव कमी करून आईचे नाव लावायचे होते. मी अर्ज लिहिला. एक पान. त्यात वडिलांविषयी विशेषण घातले नाही; तो असता तर भोक कुठे आहे ते विचारले असते. तिने सही केली, पैसे दिले, तरी उठली नाही. हात पुढे करून बसून राहिली.

"काय पाहिजे, बाई?"

"काका, माझी प्रत." ती जरा संकोचली. "बाबा म्हणत, भाऊकडं कागद देल्ला तं प्रत वापस घेजो."

प्रत माझ्या हातातच होती. मी ती तिच्या तळहातावर ठेवली.

एवढ्यात फाटकाबाहेरून एक मोटारसायकल गेली. आम्हा दोघांचीही मान एकदमच वळली.