साडूंच्या नकाशातला बाक

आमच्या साडूंइतका खरा माणूस अख्ख्या इंदुरात सापडायचा नाही, आणि इतका खरा माणूस नात्यात असू नये, असं माझं ठाम मत आहे. रिटायर झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, यांनी नकाशे धरले. मोबाइलवर एक फुकटचा नकाशा असतो, त्यात कुणीही आपली गल्ली भरावी. साडू सकाळ-संध्याकाळ राजेंद्र नगर भरत हिंडायचे. नळ, कडुलिंब, पिठाची गिरणी, एवढंच काय, कुत्रं अंगावर येतं ते वळणसुद्धा. "कुत्रं कशाला नकाशात?" म्हटलं तर इंदुरी 'भैया'च्या थाटात म्हणाले, "भिया, ते जागा सोडत नाही."

शिकवणंही फुकट. दर वर्षी थंडी सुरू झाली की कॉलनीतल्या लोकांना इथल्याच लालबाग राजवाड्याच्या मैदानावर नेऊन नकाशांचा सण करायचे. चालू मोबाइल घेऊन एकाने पुढे चालायचं, बाकीच्यांनी मागे, म्हणजे पडद्यावर वाटेची रेघ उमटून मोदक तयार होणार. एका वर्षी मोबाइल माझ्याकडे दिला. मला दुकान उघडायची घाई, म्हणून मी मधूनच आडवा निघालो. मोदकाचं वांगं झालं. साडूंनी ते पुसलं नाही. "देठ आमच्या साडूंचा," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत राहिले.

ते मी सोसलं. दुकानाचं मात्र अजून विसरलेलो नाही. नळफिटिंगचं हे दुकान मी एकट्याने उभं केलंय. इमारत मेन रोडला, पण माझं दार मागच्या गल्लीत. मेन रोडवर नवा दुकानदार आला आणि गिऱ्हाईक तिकडे वळायला लागलं. साडूंना म्हटलं, नकाशातली माझी खूण जरा पुढे सरकवा.

"दार कुठे आहे?"

"इमारत मेन रोडला आहे की नाही?"

"आहे ना. दार कुठे आहे?"

"बरं, मेन रोड राहू द्या. कोपऱ्यावर तरी आणा!"

"भिया, उपग्रहाशी भाव होत नाही."

मी असा ओरडलो की गल्लीतली गाय उठून गेली. साडू मात्र दुकानासमोरच्या बाकावर बसून माझाच चहा शांतपणे पीत होते. रोज तिथेच बसायचे आणि रोज तेच भांडण व्हायचं.

पुढे ते मुलीकडे नागपूरला कायमचे गेले. ड्रेनेजच्या खोदकामात बाकही तुटला. मीही म्हटलं, बरं झालं, जागा मोकळी झाली.

परवा एक आजी काठी टेकत आल्या. "बाक किधर है, भैया? नातवाने नकाशात पाहून पाठवलंय." त्यांच्या मोबाइलवर साडूंनी माझ्या खुणेखाली लिहिलेलं वाचलं: 'मागच्या गल्लीत. समोर बाक, दुपारनंतर सावली. मालक ओरडतात, माल चोख देतात.'

आजींना आतलं स्टूल दिलं. मग बाजारात जाऊन, दोन दुकानदारांशी भांडून, नवा बाक आणला आणि साडूंना फोन लावला.

"जुन्याच जागी ठेवलाय ना?" त्यांनी विचारलं.

"तुमचा नकाशा खोटा कसा पाडू?"

संध्याकाळी सावली बरोबर बाकावर येते. मी एका कडेला बसतो आणि चहावाल्याला सवयीने दोन चहा सांगून बसतो. भांडायला कुणीच नसतं.