आईच्या क्लेमवरची अवस

आमच्या घरात अवस कधी कुणी पाळली नाही, आणि आईच्या क्लेमच्या पत्रावर मात्र नेमकी तीच लिहून आली. त्या पत्राचा आईला जेवढा राग आला तेवढा ऑपरेशनचाही आला नव्हता.

मी होमिओपॅथी शिकले, पण दवाखाना काही थाटला नाही. मरोळच्या एका ऑफिसात बसून मेडिक्लेमचे कागद तपासते. आजार कोणता, उपचार त्याला धरून आहेत का, हॉस्पिटलातला मुक्काम उगाच लांबवलाय का, एवढं बघायचं आणि पुढचा कागद घ्यायचा. आता हे काम बरंचसं मशीन करतं. आम्ही तपासलेल्या जुन्या क्लेमवरूनच ते शिकलं. साधे क्लेम ते स्वतः पास करतं, शंका आली तर लाल खूण करून आमच्याकडे ढकलतं.

घाटकोपरच्या एका छोट्या नर्सिंग होमच्या क्लेमवर अशा लाल खुणा फार यायला लागल्या. मधूनच एखाद्या दिवशी तिथले सगळेच पेशंट एक रात्र जास्त राहायचे. मशीन बनवणारा आमचा इंजिनियर चेन्नईचा. तो म्हणाला, उघड फसवणूक आहे, कॅशलेसच्या यादीतून काढून टाका. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्यापुढे धरलं. अमावास्येला पेशंटला घरी नेत नाहीत, बाळंतिणीला तर नाहीच नाही. तो चाटच पडला. त्यांच्याकडे म्हणे अमावास्येचा मुहूर्त बघून गाडी घेतात.

नर्सिंग होमच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या उखडल्याच. "मी काय हाताला धरून बाहेर काढू त्यांना? राहतात, मग मी लिहिते ऑब्झर्वेशन."

नर्सिंग होम यादीत राहिलं. पण इंजिनियरने मशीनला तिथी शिकवल्या. अवसेच्या दिवशी कुणी ऑब्झर्वेशनसाठी राहिलं, की तेवढा दिवस मशीन परस्पर कापायचं. पत्रात घालायचं मराठी कारण मीच लिहून दिलं: 'अमावास्येमुळे वाढवलेला मुक्काम, देय नाही.' मला ते तेव्हा अगदी झकास वाटलं होतं.

मग आईच्या पित्ताशयात खडे निघाले. नर्सिंग होम घरापासून चालत जाण्यासारखं, म्हणून तिथेच ऑपरेशन केलं. घरी सोडायच्या दिवशी सकाळी तिला ताप चढला. ती घरी जाण्यासाठी भांडत होती, पण डॉक्टरीणबाईंनी काही सोडलं नाही. कागदावर मात्र त्यांनी सवयीने ऑब्झर्वेशन असं लिहिलं. त्या दिवशी अवस होती हे आमच्या कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिचा क्लेम आमच्याच ऑफिसात आला, आणि पत्र तिच्या मोबाइलवर. आई पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, प्रत्येक ओळ वाचणारी.

"हे काय लिहिलंय गं?"

"अगं, मशीन लिहितं ते."

"मी अवस पाळते असं मशीनला कुणी सांगितलं? ताप होता मला! पौर्णिमा लिहिली असती तर एक वेळ समजलं असतं, विहारात तरी जाते मी."

घरच्यांचा क्लेम मला हाताळता येत नाही. एका सहकाऱ्याने तापाचा तक्ता मागवून घेतला आणि कापलेल्या दिवसाचे पैसे मिळाले. मला वाटलं, विषय मिटला. आईने विचारलं, "आणि ती ओळ?"

ओळ नोंदीत तशीच होती. इंजिनियर म्हणाला, पैसे दिले ना, आता कोण वाचतंय. मीही आईला तेच सांगितलं. "सोड ना आता."

तेव्हा ती गॅस बंद करून माझ्यासमोर येऊन बसली. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर घरातले देव नदीत सोडले होते, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. हे मात्र नव्हतं ऐकलं.

"तुझ्या वेळी मला सोडलं त्या दिवशी अवस होती. वॉर्डातल्या बायका म्हणाल्या, उद्या न्या. तुझे आजोबा म्हणाले, आजच. चेंबूरच्या चाळीत तुला घेऊन आले, तर शेजारणींनी दारं लोटून घेतली. मला रडू फुटलं. ते तुला मांडीवर घेऊन गॅलरीत बसले, शेजारी पेढ्यांचा पुडा. येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलवत होते. कुणी घेतला, कुणी नाही. निम्मे पेढे उरले. आणि त्यांच्या सुनेने अवस पाळली म्हणून आता तुझं ऑफिस लिहिणार?"

मला त्या झकास वाक्याची लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांशी भांडले. इंजिनियर तसा भला माणूस. त्याने ऐकून घेतलं आणि मशीनची ती सवय मोडली. आता अवसेचा मुक्काम दिसला की ते नुसती खूण करतं, आणि आम्ही फोन करून कारण विचारतो. परवाच मालवणकडच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, "अवस होती म्हणान रवलंव. लिवा तसाच, माका काय त्याची लाज?" मी तसंच लिहिलं आणि दिवस कापला. त्यांची काही तक्रार नव्हती.

आईचं नवीन पत्र आलं: 'तापामुळे एक दिवस जास्त. मंजूर.' तिने चष्मा लावून ते वाचलं.

"अवस खोडली?"

"खोडली."

"मग त्या दिवसाचे पैसे आता काढते. पुढच्या अवसेला पेढे आण."

आणले. आई मजल्यावर घरोघरी फिरली. समोरच्या काकूंनी पेढा घेता घेता विचारलं, "आज कशाचे हो?"

"माझी मुलगी घरी आली त्याचे," आई म्हणाली. "तेव्हा वाटायचे राहिले होते."