झापडमास्तर आणि खिशातलं मीटर

झापडमास्तरांचा हात आधी उठायचा आणि तोंड नंतर उघडायचं. झापड का बसली हे कळायला माणसाला दोन मिनिटं लागत, आणि ती दोन मिनिटं गाल चोळण्यात जात. मग चूक सापडायची. प्लग न काढता कव्हर उघडलेलं असायचं, नाहीतर दोन्ही हात एकाच वेळी चालू रेडिओच्या आत असायचे. नागपुरात महाल भागातल्या एका गल्लीत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवायचा किडा ज्याला ज्याला चावला, तो त्या काळी कधी ना कधी त्यांच्या हातचा प्रसाद खाऊन आलेला असे. अशी माणसं आजही भेटली की आधी मास्तरांच्या झापडा मोजतात आणि शेवटी हसत हसत सांगतात, ‘एवढं लोकांना मारलं, आणि स्वतःच नॉब न पाहता मीटर लावून हात जाळून घेतला!’ ही गोष्ट मी लग्नात ऐकली, मयतीत ऐकली, कारखान्याच्या बसमध्ये ऐकली. ती खोटी आहे. हात त्यांचा जळाला हे खरं, पण चूक माझी होती.

मी तेव्हा हिंगण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, टेम्पररी. लाइट गेली की शिडी घेऊन धावायचं आणि पक्का होण्याची वाट पाहायची, एवढंच काम. खरा जीव रविवारी सकाळी मास्तरांच्या दुकानात रमायचा. तिथे सात-आठ हौशी लोक जमत. कोणी शाळामास्तर, कोणी बँकेतला, आणि एका स्टुलावर खुद्द आमच्या कारखान्याचे फोरमन. त्यांनाही एकदा झापड पडली होती. कारखान्यात शंभर माणसं त्यांना चळचळा कापायची, पण दुकानात ते गाल धरून ‘चुकलं मास्तर’ म्हणाले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मीटरवर मास्तरांचा सगळ्यांत मोठा राग. वायरमधला दाब मोजणारं, बिघाड शोधणारं ते यंत्र, त्याच्यावर आमचा सगळ्यांचा भोळा विश्वास. मास्तर म्हणत, “मीटर म्हणजे कोर्टातला साक्षीदार आहे गा. पहिले त्याले दोन ठेवून द्या, मंग त्याची साक्ष ऐका.” आणि ते खरोखरच मारायचे. कोणी नवं मीटर आणलं की ते टेबलावरून फरशीवर पाडायचे. वायरी मुळापासून ओढायचे. मग एका नव्या सेलवर लावून आपल्या जुन्या काट्याच्या मीटरशी आकडा ताडायचे. शेवटची परीक्षा सगळ्यांत क्रूर. मीटरचा नॉब ओहमवर, म्हणजे जिथे घरातली वीज कधीच लावायची नसते तिथे ठेवायचा, आणि मुद्दाम घरातली वीज लावायची. मध्ये मात्र शंभर वॅटचा एक बल्ब जोडलेला असे, म्हणजे मीटर मेलंच तर आवाज न करता मेलं पाहिजे. “ही चूक तुम्ही एक दिवस करणारच,” ते म्हणत, “मी आजच करून पायतो, तुमच्याआधी.” अशी कितीतरी मीटरं त्यांनी मारली. मालक रडकुंडीला यायचे. मास्तर मेलेलं मीटर त्यांच्या हातात ठेवून म्हणायचे, “जाऊ दे, तू वाचला.”

हा राग कुठून येतो हे मला एका लग्नानंतर कळलं. मंडपात लाउडस्पीकर लावणाऱ्या एका ठेकेदाराने सोललेली वायर लोखंडी खांबाला तशीच गुंडाळली होती. नवरदेवाच्या काकाने खांबाला हात लावला आणि तो तिथेच गेला. लोक म्हणाले, नशीब. मास्तरांनी मंडपातून ती वायर काढून आणली, सायकलवर टांग टाकली आणि ठेकेदाराच्या दारात गेले. मी मागे धावलो होतो. त्यांनी त्याला गल्लीत ओढून त्याच वायरीने फोडून काढलं. पाठीवरचा सदरा फाटला, खालचं कातडं फाटलं, ठेकेदार नालीत पडून हात जोडत होता आणि मास्तर मारतच होते. चौघांनी धरलं तेव्हा कुठे थांबले. ठाण्यात जमादाराने विचारलं, “काहून मारलं?” मास्तर म्हणाले, “त्यानं वायरीनं माणूस मारला. मी वायरीनं फक्त मारलं.” दोन दिवस आत राहून आले आणि सोमवारी दुकान उघडलं. मला त्या दिवशी त्यांची भीती वाटली, आणि खोटं कशाला बोलू, त्यांच्यावर जीवही त्याच दिवशी जडला.

ऐंशी सालानंतर तीन-चार वर्षांनी माझा मामेभाऊ परदेशातून आला आणि त्याने मला एक मीटर दिलं. सिगारेटच्या पाकिटाएवढं, सदऱ्याच्या खिशात मावणारं, काट्याऐवजी सरळ आकडे दाखवणारं. तिकडे म्हणे ते खेळण्याच्या भावात मिळायचं. मी वेडा झालो. दुकानातल्या सगळ्यांना मी छातीठोकपणे सांगून टाकलं की यापुढे काट्याची मीटरं भंगारात जाणार. फोरमनसाहेबांनी आपल्यासाठीही एक मागवायला सांगितलं. आता फक्त मास्तरांनी त्याला पास करायचं राहिलं होतं. सर्वांसमोर फजिती नको म्हणून मी ते शनिवारी दुपारी, दुकानात कोणी नसताना नेलं.

मास्तरांनी ते तळहातावर तोललं. “वजन नाही याले. आत काही आहे का नुसती हवा?” मग फरशीवर पाडलं. उचललं, तर आकडे जिवंत. वायरी ओढल्या, आल्या नाहीत. सेलवर लावलं, काट्याशी बरोबर जुळलं. मास्तरांच्या भुवया वर गेल्या. मी फुगलो. मग त्यांनी नॉब ओहमवर घेऊन एक रेझिस्टर मोजला. तोही बरोबर. “हुशार आहे बेटं,” ते म्हणाले आणि शेवटच्या परीक्षेसाठी मागच्या फळीवरून बल्बचा बोर्ड काढायला वळले.

 ते मीटर मला मरू द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, “मास्तर, राहू द्या ना. काट्याच्या जमान्यातली परीक्षा आहे ती.”

“जमाना बदलला म्हणून करंट बदलला का बे?”

“तुम्हाला जळतंय. तुम्हाला असं काही बनवायला जमलं नसतं म्हणून मारून टाकता तुम्ही मीटरं.”

असं मी बोललो. मास्तर वळले आणि झापड पडली. मी आयुष्यात पहिल्यांदा उलटा हात उचलला आणि त्यांच्या छातीत दोन्ही हातांनी ढकललं. ते फळीवर आदळले, डबे पडले, स्क्रू फरशीभर पसरले. “दाखवतोच तुम्हाला,” म्हणून मी मीटर बाकावर ठेवलं आणि दोन्ही टोकं सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसली. नॉब ओहमवरच होता. मी पाहिलंच नाही. आकडा नीट दिसेना म्हणून वर तोंडही जवळ नेलं.

मास्तरांनी फळीवरूनच नॉब पाहिला. त्यांनी डाव्या कोपराने माझं तोंड बाजूला हाणलं आणि उजवा पंजा मीटरवर दाबला. पुढचा आवाज मी ऐकला नाही, फक्त निळा उजेड पाहिला. फ्यूज उडाला, दुकान अंधारलं आणि जळल्या मांसाचा वास आला.  मास्तरांनी पंजा उचलला तेव्हा वितळलेलं प्लास्टिक तळव्याला चिकटून वर आलं. माझ्या कपाळावर एक ओरखडा होता, तोही त्यांच्या कोपराचा.

मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, “माह्याच हातून झालं. नॉब पाहिला नाही.”  ज्या चुकीसाठी त्यांनी सगळ्या शहराला झोडलं, ती त्यांनी आपल्या नावावर घेतली होती. रिक्षात त्यांनी मला एकच वाक्य सांगितलं, “तुह्या फोरमनले कळलं तं तुले कोणी पक्का करन का?”

दोन बोटं गेली, तिसरं वाकेनासं झालं. तीन आठवड्यांनी मास्तर हाताला पट्टी बांधून रविवारी दुकानात आले तेव्हा बँकवाला हसून म्हणाला, “मास्तर, आता तुम्हाला झापड कोण मारणार?” सगळे हसले. फोरमनही हसले. मला ते सोसवेना. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “त्या दिवशी मीटर...” पुढचा शब्द दातांतच राहिला. मास्तरांच्या डाव्या हाताची झापड उजवीपेक्षा भारी निघाली. ओठ फाटला, रक्त सदऱ्यावर आलं. “बस खाली,” ते म्हणाले. “पहिले पक्का हो. मंग जे बोलायचं ते बोल.”

पुढच्या वर्षी मी पक्का झालो. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी पेढे घेऊन मास्तरांकडे गेलो. पाया पडलो. त्यांनी डाव्या हाताने पेढा घेतला आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी पावसापाण्याच्या गोष्टी केल्या आणि घरी आलो. मग म्हटलं, पुढच्या रविवारी बोलू. मग म्हटलं, आता लोक विसरले आहेत, कशाला उकरायचं. लोक काही विसरले नव्हते. कोणी ना कोणी ती गोष्ट काढायचा, मास्तर एकदा माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा डाव्या हाताने सोल्डरिंग करू लागायचे. ते काम वेडंवाकडं होई. गिऱ्हाईक कमी झालं. अशी चार वर्षं गेली आणि एका उन्हाळ्यात, भर दुपारी, दुकानातच त्यांचं हृदय थांबलं.

तेरवीनंतर आम्ही जुने लोक घरी भेटायला गेलो. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, चहा देत होत्या. बँकवाल्याने डोळे पुसत पुसत तीच गोष्ट काढली, की शेवटी नॉब पाहायला विसरले. मी म्हणालो, “ते नाही विसरले. मी विसरलो. मीटर मी लावलं होतं. माझं तोंड वाचवायला त्यांनी हात घातला.” मग सगळं सांगितलं, ढकललेलंसुद्धा. फोरमन उठून बाहेर गेले. बँकवाल्याने माझी कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं आणि मी हात वर केला नाही.

वहिनींनीच त्याला सोडायला लावलं. त्या म्हणाल्या, “मले माहीत होतं, ढोलेभाऊ. यायनं मले पहिल्याच दिवशी सांगितलं.”

मी म्हणालो, “मी सांगणारच होतो वहिनी. मास्तरांनीच झापड मारून खाली बसवलं.”

“अख्ख्या नागपुराले यायनं झापडा मारल्या,” त्या म्हणाल्या. “एका झापडीनं गप्प बसलेले तुम्हीच एकटे. हे दर रविवारी दुकानात जाताना चप्पल घालता घालता म्हणत, आज बोलते का पाहू ढोले.”

आणि त्यांनी माझ्यासमोरचा कप उचलून घेतला. त्यात अजून अर्धा चहा होता.