खोक्यावरचे बदाम

आईचा नवरात्राचा उपवास आमच्या लालबागच्या चाळीत सगळ्यांना माहीत होता. घट बसले की नऊ दिवस धान्याचा कण नाही, साबुदाणा-वरीचे लाडही नाहीत. सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध आणि मध्ये एखादं केळं नाहीतर पपईची फोड. लग्न होऊन कोकणातून आली तेव्हापासून हाच नेम. गिरणीचा संप झाला, बाबांचं आजारपण झालं, आम्हा दोघा भावंडांची लग्नं झाली, पण तिचे नऊ दिवस कधी मोडले नाहीत. शेजारणी उठता-बसता धरायच्या, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस, आणि आईचं कौतुक करायच्या. आईला त्याचा गर्व होता. का नसावा? सगळं आयुष्य दुसऱ्यांसाठी रांधण्यात गेलेल्या बाईकडे स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच होतं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तिचं पोट बिघडलं आणि ते सुधारेना. डॉक्टर म्हणाले, दूध पचत नाहीये, काही महिने बंद करा. तोवर काही अडलं नाही, कारण भाकरी, आमटी, बांगडा सगळं व्यवस्थित चालू होतं. घटस्थापना जवळ आली तशी ती कासावीस व्हायला लागली. दूध नाही तर उपवास धरायचा कशावर?

माझा धाकटा भाऊ तिच्याजवळच राहतो. त्यानं मार्ग काढला. मोठ्या दुकानातून बदामाच्या दुधाची खोकी घेऊन आला. आईला थोडी साखर आहे, म्हणून मुद्दाम बिनसाखरेची. त्याला मी बोल लावणार नाही, पोरानं काळजीनंच आणली होती. खोक्यावर बदामांची रास, शेजारी पेल्यात ओतलं जाणारं पांढरंशुभ्र दूध, आणि पौष्टिक, हलकं, हृदयाला चांगलं असं काय काय ठळक अक्षरांत. बदाम उपवासाला चालतो. गाईम्हशीचं दूध नाही, म्हणजे पोटालाही चालेल. देवाधर्माचं आणि डॉक्टरचं एकाच खोक्यात जमलं म्हणून घरात आनंदीआनंद झाला.

"ह्या वर्षी उपास बदामावर," आई मला फोनवर म्हणाली. "राणीचो थाट."

रोज सकाळी ती ते पातेल्यात ओतून उकळायची. दूध म्हटलं की आमच्याकडे ते आधी उकळतं, मग खोक्यावर काहीही लिहिलेलं असो. साय यायची वाट बघायची. साय येत नव्हती, तळाशी बारीक कण धरत होते. बदामाच्या दुधाला साय धरत नसेल, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं. पहिली वाटी देवीला नैवेद्य म्हणून, मग स्वतःला पेलाभर.

पाचव्या माळेपासून पाय लटपटायला लागले. उपवासात एवढं होतंच, म्हणून तिनं ते कोणाला जाणवू दिलं नाही. सातवी माळ घटावर बांधायला ती स्टुलावर चढली आणि तिथूनच खाली आली. ओट्याची कड कपाळाला लागली. भाऊ अंघोळीला गेला होता. आवाज ऐकून धावत आला तर ही जमिनीवर, शुद्ध हरपलेली, झेंडूची माळ हातातच.

परळच्या इस्पितळात तिला सलाईन लावलं. कपाळाला टाके पडले. मी चिंचपोकळीहून पोचले तेव्हा डॉक्टरबाई विचारत होत्या की आठवडाभर यांनी खाल्लं काय. भावानं सांगितलं, आणि वर अभिमानानं सांगितलं, की नुसतं फळांवर नाही ठेवलं, बदामाचं दूध देत होतो. बाईंनी खोकं मागवलं. मागची बाजू वाचली आणि आमच्यापुढे धरली.

पहिलं नाव पाण्याचं. मग बदाम, शेकड्यात जेमतेम दोन-तीन भाग. मग घट्टपणा यावा म्हणून डिंकासारखं काहीतरी, तेल-पाणी एकजीव राहावं म्हणून आणखी काही, मीठ, वास. चुन्याची भुकटी थोडी घातलेली, कॅल्शियम म्हणून मिरवायला. प्रथिनं नावाला. साखर नको म्हणून आम्ही बिनसाखरेचं घेतलं, त्यामुळे अंगाला लागावं असं जे काही राहिलं असतं तेही गेलं. बाई म्हणाल्या, हे विष नाही. जेवणखाण नीट असलेल्या माणसानं चहा-कॉफीत घालावं, काही बिघडत नाही. पण जेवण म्हणून यावर राहता येत नाही. "दुधावर उपवास आणि यावर उपवास, दोन्ही एकच समजलात तुम्ही."

समजलो, कारण आम्हाला तसं समजावं अशीच ती सगळी मांडणी होती. संताप आला मला. खोक्यावरच्या नंबराला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की आम्ही याला दूध कुठेच म्हटलेलं नाही, पेय म्हटलंय, आणि घटक मागे स्पष्ट छापलेत. बघितलं तर खरंच पेय होतं, तेही कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. राशीभर बदाम मात्र पुढे, हाताएवढे मोठे. दुकानात फळीवर पाटी होती दुधाची, भाऊ मागायला गेला दूध, काउंटरवरच्या माणसानं दिलं दूध, आणि आई पडल्यावर ते एकदम पेय झालं. कायद्यात चोख बसतं म्हणे. बसत असेल. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं चष्मा लावून खोक्याची पाठ वाचायची आणि मग देवीपुढे बसायचं, असा कायदा असेल तर त्याला माझ्याकडून चांगल्या चार शिव्या.

पण माझा खरा तोल गेला तो आईचं ऐकून. शुद्धीवर आल्यावर नर्सनं तिला चमचाभर पेज भरवली होती. उपवास मोडला हे तिला कळलं, तशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

"माझाच कायतरी चुकला गो," ती म्हणाली. "देवीन सेवा घेतल्यान नाय."

मी तिला परोपरीनं सांगितलं, की आई, त्यात काही नव्हतंच, तुला नुसतं पाणी पाजलं गेलं. तिनं ऐकून घेतलं.

"मगे खोक्यार एवढे बदाम कशाक काढलेत?" एवढंच विचारलं.



टाके निघाले, पोट सुधारलं, दूधही पचायला लागलं. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, झेपेल तसा उपवास करायला हरकत नाही. आम्ही दोघांनीही आग्रह केला. पण यंदा घट बसले तेव्हा तिनं पहिला दिवस धरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप ताटात भाकरी वाढून घेतली. शेजारीण दारात थबकली, यंदा नऊ दिवस नाहीत का म्हणून विचारलं. आई मान खाली घालून म्हणाली, "वय झाला आता. माझ्यात काय ऱ्हवला नाय."

तिच्यात सगळं होतं. नव्हतं ते त्या खोक्यात, आणि ते तिला अजून पटलेलं नाही.