भाताच्या हौदात चंद्राची माती

चंद्रावर जाणाऱ्या गाडीचं चाक माझं असावं, तिचं नसावं, एवढीच माझी इच्छा होती. गाडी चंद्रावर पोचावी ही इच्छा त्यानंतरची. आज हे लिहायला सोपं वाटतं. तेव्हा मी ते स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

ती म्हणजे माझी चुलत बहीण, माझ्याहून आठ महिन्यांनी लहान. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. भिंतीच्या या बाजूला आम्ही, त्या बाजूला काका, काकू आणि ती. गल्लीत मराठी बोलणारी घरं मोजकीच उरलेली, त्यामुळे तुलना करायला लोकांना आमच्याशिवाय दुसरं कोणी मिळत नसे. शाळा एक, वर्ग एक, शिकवणीही एक. गणितात मला तिच्यापेक्षा नेहमी चार-दोन मार्क जास्तच पडले, पण ही गोष्ट आज गल्लीत कोणालाही आठवत नाही. आठवतं ते तिचं हसणं. नववीत शाळेच्या प्रदर्शनासाठी मी कालव्याचा दरवाजा वर-खाली करणारं यंत्र केलं होतं, पत्रा कापताना अंगठा कापून घेतला होता. वर्तमानपत्राचा माणूस आला तेव्हा मी हात धुवायला गेले होते आणि ती यंत्रापाशी उभी होती. फोटो तिचा छापून आला. तो पाहून माझ्यापेक्षा तीच जास्त रडली, आणि मग दोन्ही घरं मिळून तिची समजूत काढत बसली. माझ्या अंगठ्याचं कोणी विचारलं नाही.

पुढे दोघीही मेकॅनिकल इंजिनीअर झालो. ती बेंगळूरला गेली. मी इथेच राहिले, गावाबाहेरच्या कॉलेजात शिकवायला लागले आणि चिखलणीच्या ट्रॅक्टरांच्या चाकांवर डॉक्टरेट केली. आमच्याकडे कावेरीच्या पाण्यात भाताचं शेत चिखलायचं म्हणजे ट्रॅक्टरला रबरी चाकं चालत नाहीत. लोखंडी पिंजऱ्यासारखी, कडेला उभी पाती असलेली चाकं लावतात. पात्यांची उंची किती, त्यांच्यात अंतर किती, तिरकस किती, यात माझी सहा वर्षं गेली. नातेवाइकांना हे कधी कळलं नाही. लग्नकार्यात कोणी विचारलं तर आई सांगायची, "कॉलेजांत शिकवते," आणि विषय बदलायची.

बेंगळूरच्या ज्या लहानशा कंपनीत माझी बहीण काम करायची तिने एका स्पर्धेत नाव घातलं. सरकारी नव्हे तर खाजगी गटांनी चंद्रावर गाडी उतरवायची, ती ठरलेलं अंतर चालवायची आणि तिथून चित्रं पाठवायची, अशी ती स्पर्धा. गाडी म्हणजे दोन पाट शेजारी ठेवल्यावर होईल एवढीशी, चार चाकांची. चंद्रावरची धूळ फार बारीक, तिच्यात चाक रुतलं की संपलं. काढायला तिथे कोण जाणार. त्यांना चाकांचं कळणारं माणूस हवं होतं. बहिणीने सांगितलं, माझी अक्का चाकांची डॉक्टर आहे. म्हणजे ते काम मला मिळालं तेही तिच्या शब्दावर. घास तोंडात घालतानाच खडा लागावा तसं मला झालं, पण घास मी सोडला नाही.

पापनाशमच्या रस्त्यावर एक बंद पडलेली राइस मिल आम्ही भाड्याने घेतली. तिथे भात उकडण्याआधी भिजत घालायचा लांबट सिमेंटचा हौद होता. नामक्कलकडच्या डोंगरातला एक पांढरट दगड चंद्राच्या मातीशी बराच जुळतो असं म्हणतात. तो दळून आणलेली भुकटी आम्ही त्या हौदात भरली, एका बाजूला चढ केला आणि त्या चढावर चाकं चालवून पाहायला लागलो. गावात बातमी पसरली. जो तो येऊन एकच विचारायचा, ही गाडी आपल्या तंजावूरच्या बाहुलीसारखी ढकलली तरी परत उभी राहणार का. पहिल्या वीस जणांना मी नीट उत्तर दिलं. एकविसाव्याला म्हटलं, बाहुलीच पाठवा, गाडी कशाला हवी.

माझं चाक उन्हाळ्यातच तयार झालं. ताठ, हलकं, कडेला उंच पाती असलेलं. चिखलणीच्या चाकाचं चुलत भावंडच म्हणा. मी खूश होते. आणि तेवढ्यात कंपनीने ठरवलं की दुसरंही एखादं चाक करून पाहावं आणि दोघांतलं एक निवडावं. दुसरं चाक कोण करणार, हे मी विचारायच्या आधीच मला माहीत होतं.

ती तंजावूरला राहायला आली. माझ्या आईने त्या दिवशी डांगर पचडी केली. मी दोन महिने मागत होते तेव्हा उडदाचं पीठ घरात नव्हतं. "पोर बेंगळूरांत काय खात असेल कीं," आई म्हणाली आणि पोराच्या पानात दुसऱ्यांदा वाढलं. पोर त्रेचाळीस वर्षांचं होतं.

तिचं चाक मी हातात घेऊन दाबून पाहिलं. पोलादाच्या पातळ पट्ट्या वाकवून केलेलं, दाबलं की बसणारं आणि सोडलं की उठणारं. त्याला पाती जवळजवळ नव्हतीच. जमीन खणायची नाही, तिच्यावर पसरून चालायचं, असा त्याचा हिशेब. मी सहा वर्षं जमीन खणण्यात घालवली होती. मी म्हटलं, चांगलं आहे, पण चढावर घसरेल. ती म्हणाली, "घसरेल तर घसरूं दे गे, तुझें आहेच कीं." ती हे मनापासून म्हणाली, आणि तेच मला सहन होईना.

निवडीचा दिवस आइप्पसीत, आमच्याकडच्या ऐन पावसाच्या महिन्यात आला. आठवडाभर झड लागलेली, मिठाच्या बरणीत पाणी, पापड मऊ. कंपनीचा प्रमुख बेंगळूरहून आला होता. मिलची किल्ली माझ्याकडे असायची. मी आठ वाजताच जाऊन दार उघडलं. भुकटी सारखी करायला फळी घेतली आणि सवयीने हात आत घालून मूठ आवळली. उघडली तर भुकटीचा गोळा तसाच राहिला. त्यावर माझ्या चार बोटांचे ठसे उमटले होते, अंगठीचासुद्धा.

भुकटी दमट झाली होती. उन्हाळ्यात ती अशी मुठीत राहत नसे, बोटांतून पळून जायची. आम्ही भुकटी कॉलेजच्या ओव्हनमध्ये थोडी थोडी वाळवून भरली होती, पण ज्या सिमेंटने वर्षानुवर्षं भात भिजवला त्याने पावसात ओल धरली, आणि आमच्यापैकी कोणाच्या हे डोक्यात आलं नाही. डेल्टातल्या माणसांना ओल दिसत नाही. ती आमच्या अंगालाच लागलेली असते.

याचा अर्थ मला एका क्षणात कळला. दमट भुकटी पात्यांच्या मध्ये घट्ट बसते आणि चाकाला धरून ठेवते, चिखलणीत धरते तशी. माझं चाक चढ चढून जाणार. कोरड्या भुकटीत तीच पाती खड्डा खणत बसली असती. आणि चंद्रावर ओल नाही. चाचणी पुढे ढकला, भुकटी वाळवायला हवी, एवढं एक वाक्य मी बोलायचं होतं.

मी तो गोळा हाताने मोडला आणि वरून फळी फिरवली.

मागे वळले तर ती दारात उभी होती, हातात फ्लास्क. "अक्का, हात कसाला घातलास त्यांत?"

"सारखी आहे कीं नाही, पाहतें."

"बरें. काफी सूडा आहे तंवर घे," ती म्हणाली आणि झाकणात ओतून मला दिली. मी ती गरम गरम प्यायले. काफी चांगली होती.

तिचं चाक चढलं, पण घसरत घसरत, अर्ध्यावर दोनदा जागच्या जागी फिरून. माझं चाक जावं तसं गेलं. प्रमुखाने तिथेच सांगून टाकलं, चाक हेच. बहिणीने सगळ्यांच्या आधी येऊन मला मिठी मारली. "अक्का, चंद्रावर जाईल तुझें चाक," ती म्हणाली. तिच्या केसांना माझ्या आईच्या घरातल्या तेलाचा वास येत होता. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. पश्चात्तापाने अन्न गोड लागेना असं लिहिलं असतं तर मी बरी दिसले असते. मी त्या दिवशी दोनदा जेवले. आईने शेजारी जाऊन पहिल्यांदाच सांगितलं की तिची मुलगी चंद्राचं चाक करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रमुखाची मेल आली, सगळ्यांना पाठवलेली. चाचणी रद्द, भुकटी वाळवून पुन्हा करायची. आणि माझे आभार: स्वतःच्या चाकाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट बोलून दाखवायला धैर्य लागतं, वगैरे. मी गोंधळले. मी तर काहीच बोलले नव्हते. खाली पाहिलं तर बहिणीची मेल होती. तिने लिहिलं होतं की भुकटी दमट असल्याचं चाचणीच्या दिवशी माझ्या अक्काच्या लक्षात आलं. तिने मूठ करून पाहिलं. हौदाच्या सिमेंटमुळे असावं. तेव्हा निकाल धरू नये, हा आम्हा दोघींचा आग्रह आहे.

ओळन् ओळ वाचली. पहिली दोन वाक्यं खरी होती. लक्षात आलं होतं, मूठही केली होती. नंतर काय केलं, तेवढंच तिने गाळलं होतं. मला वाटलं, ही चपराक आहे. मग वाटलं, असती तर बरं झालं असतं, निदान परत मारता आली असती.

पत्र्याच्या लांब ट्रेमध्ये प्लॅस्टिक अंथरून, दाराला ताडपत्री लावून आम्ही चार दिवस भुकटी वाळवत होतो. मी न बोलता काम करत होते आणि सगळ्यांना वाटत होतं की हा माझा मोठेपणा. चाचणी झाली. माझ्या चाकाने चढाच्या पायथ्याशीच स्वतःसाठी खड्डा खणला आणि आसापर्यंत आत गेलं. तिचं चाक वर जाऊन थांबलं. मागे उमटलेला माग इतका उथळ होता की फुंकर मारली तरी पुसला गेला असता. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्याकडे पाहून संकोचले असावेत. मग मीच वाजवल्या.

दुपारी मिलच्या अंगणात, जिथे पूर्वी भात वाळत घालायचे तिथल्या कठड्यावर आम्ही दोघी डबा खायला बसलो. आईने चिंचेचा भात दिला होता, एकाच डब्यात दोघींचा. मी विचारलं, "तू पाहिलें होतेंस?"

"मूठ? पाहिलें."

"मग तेव्हांच कां नाही बोललीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलें." तिने शेंगदाणे वेचून माझ्या बाजूला सरकवले, तिला ते आवडत नाहीत. "मग वाटलें, सगळ्यांपुढें बोलणें तुला कठीण जात असेल. आपलेंच चाक, नाही कां. तू सांगितलेंच असतेंस गे अक्का, आज नाही तर उद्या. मी फक्त टायपिंग केलें."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. टोमणा शोधला, डोळ्यांत, ओठांच्या कडेला, सगळीकडे. नव्हता.

"हो," मी म्हटलं. "सांगितलेंच असतें."

मी सांगणार नव्हते. उद्या नाही, दहा वर्षांनी नाही. गाडी चंद्रावर उतरून पहिल्याच ढिगात रुतली असती तरी मी म्हटलं असतं की काय करणार, नशीब.

तिचं चाक लावून गाडी आता जवळजवळ तयार झाली आहे. ती कधी उडेल, उडेल की नाही, याचा कोणालाच भरवसा नाही. तारीख पुढे पुढे जाते आहे. पण गोष्ट मात्र तंजावूरभर फिरली. मागच्या महिन्यात एका लग्नात काकूने चार बायकांसमोर माझा हात धरून सांगितलं, "आमची थोरली. आपलें चाक बरें नाही म्हणून आपणच सांगितलें तिनें." बायकांनी कौतुकाने माना हलवल्या. बहीण शेजारी बसून माझ्याकडे पाहून हसत होती, आणि त्या हसण्यात अभिमान होता. मीही हसले. वाटी पुढे केली, आणखी थोडं पायसम घेतलं.

चाकाचा हेवा मी आता करत नाही. ते माझ्या चाकापेक्षा चांगलं आहे, हे मला इंजिनीअर म्हणून मान्य आहे. पण माझ्यासारख्या बाईबद्दल तिला इतकं चांगलं वाटू शकतं आणि त्यासाठी तिला काही कष्ट पडत नाहीत, याने माझा आजही जळफळाट होतो. तिच्या जागी मी असते आणि दारातून तिची मूठ पाहिली असती, तर तिथूनच ओरडून सगळ्यांना गोळा केलं असतं.

हे तिला सांगायला हवं, एवढं मला कळतं. लहानपणी वडिलांनी मला धरून बसवून देवनागरी शिकवली. काकांनी तिच्यामागे तो लकडा कधी लावला नाही. ती मराठी बोलते, वाचते मात्र तमिळ आणि इंग्रजी. म्हणून मी सगळं खरं सांगितलं आहे, आणि ते देवनागरीत लिहिलं आहे.