आवाज ओळखणाऱ्या हौसामावशी

हौसामावशी माझ्या दातांच्या दवाखान्यात अकरा वर्षं होत्या, पण त्यांनी कुणाच्या दातांकडे निरखून पाहिल्याचं मला आठवत नाही. पेशंट जिना चढून वर आला की त्या आधी त्याच्या गळ्याकडे बघायच्या. मग हनुवटीखाली, कानाखाली, डोळ्याखाली. त्यानंतर त्याला काहीतरी बोलायला लावायच्या. नाव विचारायच्या, गाव विचारायच्या, काल काय जेवला ते विचारायच्या. उत्तर काय येतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. त्या फक्त आवाज ऐकत असायच्या.

सोलापुरात सात रस्त्यापासून थोडा आत, पहिल्या मजल्यावर माझा दवाखाना. मावशी झाडलोट करायच्या, हत्यारं उकळायच्या, नंबर लावायच्या. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पण आधी कुणाला आत सोडायचं, हे त्या ठरवत आणि मी ते मुकाट मानत असे. गालावर हात दाबून, भिंतीला टेकून कण्हणाऱ्या माणसाला त्या शांतपणे बाकावर बसवायच्या. लोक चिडायचे. मावशी म्हणायच्या, "वरडतोय म्हंजे दम हाय अंगात. बसू द्या." आणि कोपऱ्यात पदर तोंडाला लावून गप्प बसलेल्या एखाद्या बाईला हाताला धरून सरळ माझ्यापुढे आणून उभी करायच्या. तिचा पदर थुंकीनं भिजलेला असायचा, कारण तिला ती गिळता येत नसायची.

त्यांचे प्रश्न ठरलेले होते. थुंकी गिळून दाखव. तोंडात दोन बोटं उभी जातात का बघ. जीभ बाहेर काढ. ताप आहे का, सूज कालच्यापेक्षा खाली सरकली का. यातलं एक जरी बिघडलेलं दिसलं तरी त्या नंबर द्यायच्या नाहीत, खाली जाऊन रिक्षा थांबवायच्या. मी चिठ्ठी लिहीपर्यंत रिक्षावाल्याला मोठ्या दवाखान्याचा पत्ता सांगून झालेला असायचा. "दात काय पळून जातोय व्हय," त्या म्हणायच्या, "सूज पळती."

हे त्या शिकल्या होत्या त्यांच्या नवऱ्यामुळे. माहेर आणि सासर दोन्ही सांगोला तालुक्यातलं, घरी मेंढरं. नवऱ्याची अक्कलदाढ सुजली तेव्हा ते मेंढरं घेऊन बाहेरगावी रानात उतरले होते. मावशींनी चार दिवस तापलेल्या विटेचा शेक दिला, लवंग धरायला लावली. पाचव्या दिवशी सूज गळ्याखाली उतरली आणि तो माणूस बसल्या जागी गुदमरून गेला. मावशींनी मला हे एकदाच सांगितलं, तेही भांडं घासता घासता. पुढे कुणी गालाला गरम पिशवी लावून आला की त्या न बोलता ती पिशवी काढून घ्यायच्या आणि खिडकीत ठेवून द्यायच्या.

सगळ्याच गोष्टी वाईट झाल्या असं नाही. एकदा दुपारी फोन आला. कॉलेजात जाणारी एक मुलगी कबड्डी खेळताना पडली होती आणि पुढचा दात मुळासकट निघून मातीत पडला होता. तिची आई फोनवर रडत होती आणि मागे नळाचा आवाज येत होता. मावशींनी तो आवाज ऐकला आणि पडलेला दात घासताय का, म्हणून विचारलं. आई हो म्हणाली. मावशींनी तिला बजावलं, घासू नको, मुळाला बोट लावू नको, वरच्या बाजूनं धर, कपभर दुधात टाक आणि आहे त्या कपड्यावर निघ. अर्ध्या तासात मायलेकी दुधाचा कप दोन्ही हातांनी धरून जिना चढल्या. तो दात मी परत बसवला आणि तो टिकला. त्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण मावशींच्या नावानं आलं. मी गमतीनं म्हटलं, माझं नाव नाही कुठे. मावशी आपले उरलेले चार दात दाखवून पोटभर हसल्या.

पण ऐकणारे थोडेच. यंत्रमागावर काम करणारा एक माणूस जबड्याखाली मुठीएवढी सूज घेऊन आला होता. मावशींनी आणि मी दोघींनी त्याला लगेच मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. तो म्हणाला, पाळी संपवून जातो. मावशी त्याच्यामागे खाली फाटकापर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन लागला नाही. मावशी आठवडाभर रोज लावत होत्या. मग त्यांनी लावणं सोडलं.

बिरू हा मावशींचा धाकटा भाऊ. मेंढरं आता तोच बघायचा. वर्षातून दोनदा सोलापूरला यायचा, दवाखान्याच्या जिन्यात चपला काढून अनवाणी वर यायचा आणि बहिणीला अक्का म्हणून पायावर डोकं ठेवायचा. त्या वर्षी उन्हाळ्यात त्याची खालची दाढ दुखायला लागली. मावशींनी दोनदा निरोप धाडला की इकडे ये. तो म्हणाला, बरं वाटतंय.

मग एका दुपारी त्याचा फोन आला. मी एका पेशंटच्या दातावर काम करत होते. मावशी फोन घेऊनच आत आल्या, जे त्या कधी करत नसत.

"बाई, बिरूचा आवाज बदललाय," त्या म्हणाल्या. "तोंडात काय तरी धरून बोलल्यागत बोलतोय. त्याला आत्ताच्या आत्ता आणाय पायजे."

मी हातमोजा काढून फोन घेतला. बिरूनं सांगितलं की तीन दिवसांपासून सूज आहे, पण सकाळी गावातल्या डॉक्टरनं इंजेक्शन दिलंय. ताप उतरलाय, दुखणं कमी आहे. पाणी घोटघोट जातंय. डॉक्टरनं उद्या परत बोलावलंय. शेजाऱ्याची जीप बाजाराला गेली होती, ती संध्याकाळी परत येणार होती. मला ते सगळं सरळ वाटलं. ताप उतरला, दुखणं कमी झालं, म्हणजे औषध लागू पडतंय. मी त्याला सांगितलं की उद्या सकाळी निघा, मी स्वतः बघते, आणि मध्ये काही त्रास वाटला तर सांगोल्याच्या दवाखान्यात जा.

मावशी तिथंच उभ्या होत्या. "आवाज, बाई," त्या पुन्हा म्हणाल्या.

"मावशी, सूज उतरायला वेळ लागतो," मी म्हणाले. "इंजेक्शन लागू पडलंय. काळजी करू नका."

त्या "व्हय" म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. खुर्चीतला पेशंट तोंड उघडून वाट बघत होता. मी नवा हातमोजा घातला. थुंकी गिळता येते का, दोन बोटं आत जातात का, हे मी बिरूला विचारलं नव्हतं. अकरा वर्षं रोज कानावर पडणारे प्रश्न, आणि त्या दिवशी मला ते सुचले नाहीत.

सकाळी उजाडताना बिरू आणि त्याची बायको निघाले. बिरूला आडवं होता येत नव्हतं, म्हणून जीपमध्ये तो पुढे वाकून बसला होता. हे त्याच्या बायकोनं मावशींना फोनवर सांगितलं आणि मावशींनी मला दवाखान्यात बोलावून घेतलं. मी मोठ्या दवाखान्यात फोन करून घशाच्या डॉक्टरांना तयार राहायला सांगितलं. आम्ही दोघी खाली फाटकापाशी जीपची वाट बघत उभ्या राहिलो. जीप मंगळवेढ्याच्या आसपास असताना बिरूचा श्वास थांबला. वाटेतल्या एका दवाखान्यात त्यांनी त्याला नेलं, गळ्यातून श्वासाला वाट करायचा प्रयत्न झाला, पण उशीर झाला होता. हा फोन मावशींनीच घेतला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाल्या आणि पिशवी आणायला वर गेल्या.

मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. सगळ्या वाटेत त्या एकदाच बोलल्या. मी काही खाल्लंय का, असं त्यांनी विचारलं.

तेरावं करून मावशी परत आल्या. झाडलोट पूर्वीसारखी, हत्यारं पूर्वीसारखी. पण त्यांनी बघणं सोडलं. पेशंट आला की खाली मान घालून नंबर द्यायच्या. मी एकदा म्हटलं, मावशी, जरा यांचा गळा बघा. त्या म्हणाल्या, "तुमीच बघा बाई. मला त्यातलं न्हाय कळत." त्यांच्या बोलण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. एखादी वस्तू हरवली तर आपण जसं सांगतो, तसं त्या सांगत होत्या.

एक दिवस मी बाहेर डोकावले तर बाकावर एक बाई बसली होती, गळ्याखालची कातडी ताणून लाल झालेली. ती पाऊण तास तिथं होती. मीच धावत जाऊन रिक्षा आणली. ती बाई वाचली. मावशी दाराशी फडकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तिला आल्याबरोबर पाहिलं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. त्याच आठवड्यात त्यांनी भावजय एकटी पडलीय म्हणून गावी जाते, असं सांगितलं. मी राहा म्हणाले. त्या नको म्हणाल्या. हत्यारांच्या कुठल्या डब्यात काय आहे ते नव्या बाईला दोन दिवस समजावून दिलं आणि गेल्या.

दिवाळीनंतर मी त्यांच्या गावी गेले. गावातल्या लोकांचे दात तपासते असं निमित्त काढलं होतं, पण मला त्यांनाच भेटायचं होतं. मावशी अंगणात शेळ्यांना पाला टाकत होत्या. वाळल्या होत्या. भावजयीनं चहा केला आणि ती आत जाऊन बसली. आम्ही दोघी लिंबाखाली बसलो. पाण्याचा टँकर कधी येतो, यंदा डाळिंबाचं काय झालं, असलं बोलणं झालं. मग मला राहवेना. मी म्हणाले की मावशी, त्या दिवशी मी चुकले. तुम्ही दोनदा सांगितलंत आणि मी ऐकलं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या गळ्याकडे नाही, तोंडाकडे.

"तुमचं काय चुकलं न्हाय, बाई," त्या म्हणाल्या. "मला कळलं हुतं. कळलं हुतं तवा उठून जायाचं हुतं. तुमाला इचाराय नको हुतं मी."

त्यांनी माझा कप उचलला, विसळला, पालथा घातला. शेळ्या सोडायची वेळ झाली होती. त्या मला गाडीपर्यंत सोडायला आल्या, सावकाश जा म्हणाल्या आणि मी गाडी वळवायच्या आत रानाकडे चालू लागल्या.

परतताना मंगळवेढ्याच्या अलीकडे मला वाटलं की क्षणभर थांबावं, खाली उतरावं. गाडी हळू केली. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेएवढी झाली होती. पण थांबायचं कुठे, ते मला कळेना. बिरूचा श्वास या रस्त्यावर नेमका कुठे थांबला, हे मी मावशींना कधी विचारलंच नव्हतं.